चिंचेवरचं माहेर

भिगवणला फ्लेमिंगो बघून लगेच पुण्याकडे गाडी वळवणाऱ्या मंडळींसाठी एक खबर. हायवेने जरा पुढे गेलात तर इंदापुरात चिंचेच्या झाडांवर भलंमोठं बाळंतपण चालू असतं. आमंत्रण लागत नाही, तिकीट तर नाहीच. फक्त डोक्यावर टोपी हवी!

खरं सांगू? मी गेले होते फ्लेमिंगोसाठीच.

मार्च म्हणजे आमच्याकडे अप्रेझलचा महिना. सगळ्यांची तोंडं वाकडी, कॅन्टीनमध्येही कुणी धड बोलत नाही. अशात टीममधल्या एकाने टूम काढली, 'चला, शनिवारी भिगवण!' भाड्याने आणलेली हातभर लांब लेन्स, थर्मासभर कॉफी आणि पहाटे साडेचारला हडपसरच्या पुलाखाली जांभया देत उभे असलेले आम्ही चौघं. सात वाजता होडीत होतो. समोर उजनीचं पाणी, त्यावर कोवळं ऊन आणि लांबवर एक गुलाबी रेघ. फ्लेमिंगो! आपल्या मराठीत रोहित. दिसले, उडाले, फोटो निघाले. मग लगेच निघायचं की आधी मासे खायचे यावर मतदान झालं आणि मासे दणदणीत बहुमताने जिंकले.

बाकीचे जेवून पुण्याला गेले. मी नाही. इंदापूर तालुक्यातलं वरकुटे हे माझ्या आईचं माहेर. एवढ्या जवळ जाऊन आजीला न भेटता परतले असते तर आईने दारातूनच हाकललं असतं. शिवाय सॅकमध्ये एक गुंडाळी होती. मामांना गावात नवीन घर बांधायचंय, त्याचा प्लॅन माझ्या आर्किटेक्ट मैत्रिणीने काढून दिला होता. दोन बेडरूम, किचन, पुढे ऐसपैस पार्किंग. एकदम पुण्यासारखा. तो द्यायचा, आजीच्या हातची भाकरी खायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत, असा माझा हिशेब.

मामा मोटरसायकलवर न्यायला आले. घरी आजी ओसरीवर चिंचा फोडत बसलेली. वय शहाऐंशी, पण हात असे चालतात की मिक्सरने लाजावं.

"कशाला आलतीस म्हनं एवढ्या सकाळच्याला?"

"रोहित बघायला, आजी." मी कॅमेऱ्याचा स्क्रीन तिच्यापुढे धरला. तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"चार दिसाचं पाव्हनं हे. आन् ढोक? ढोक बघितलं का न्हाय?"

ढोक? मी मामांकडे पाहिलं. ते हसायला लागले. "चल, दाखवतो. ही टोपी घाल. आणि वर बघताना तोंड मिटलेलं ठेव."

उन्हाळ्यातली छत्री

इंदापूर काही टुरिस्ट स्पॉट नाही. पुणे-सोलापूर हायवेवरचं तालुक्याचं गाव. एसटी स्टँड, बाजारपेठ, उसाचे ट्रॅक्टर. तिथल्या तहसील कचेरीच्या जुन्या आवारात चिंचेची थोराड झाडं आहेत. गाडी स्टँडवर लावायच्या आधीच वास आला. माशांचा, चांगला सणसणीत. मग आवाज. शंभर जणांनी एकदम टिपऱ्या वाजवाव्यात तसा खट्-खट्-खट्. मी वर पाहिलं आणि (सूचना विसरून) तोंड उघडंच राहिलं.

झाडाच्या शेंड्याशेंड्यावर काटक्यांची घरटी, आणि प्रत्येक घरट्यात कंबरेपर्यंत उंचीचा एकेक पक्षी. पांढराशुभ्र अंगरखा. पंखांवर काळ्या-पांढऱ्या खवल्यांची नक्षी, छातीवर तसाच पट्टा. लांब पिवळी चोच, टोकाला किंचित खाली वाकलेली. डोक्यावर पिसं नाहीत, नुसती शेंदरी कातडी. आणि शेपटीशी, पंखांच्या मागच्या टोकाला, गुलाबी पिसांचा असा काही झुबका की कुठल्याही डिझायनरने कॉपी मारावी. सकाळभर ज्या गुलाबी रंगासाठी मी लेन्सचं भाडं भरलं होतं, तो इथे डोक्यावर फुकट!

हा चित्रबलाक. इंग्रजीत पेंटेड स्टॉर्क. करकोच्यांच्या खानदानातला. कुणी रंगीत करकोचा म्हणतं, कुणी चामढोक, आमची आजी नुसतं ढोक. उंची साधारण तीन फूट, पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच फूट. थॉमस पेनंट या निसर्ग-अभ्यासकाने १७६९ मध्ये याचं शास्त्रीय बारसं केलं आणि नाव ठेवलं ल्युकोसेफाला, म्हणजे पांढऱ्या डोक्याचा. विणीच्या हंगामातलं ते शेंदरी टक्कल बघितलं की वाटतं, बारशाच्या वेळी कुणाचं तरी लक्ष नव्हतं.

मामा याच कचेरीत नोकरीला होते. "आमच्या वेळी सातबाऱ्यासाठी आलेली माणसं भर उन्हाळ्यात छत्री उघडून या झाडांखालून जायची," ते सांगत होते. "नवीन बदलून आलेल्या माणसाला वाटायचं, इथल्या लोकांना ऊन फार लागतं. एक पांढरा शर्ट वाया गेला की तोही छत्री आणायचा."

"मग कुणी झाडं तोडा म्हणालं नाही?"

"म्हणायचे की. पण बोलणं तिथंच राहायचं. घरटी भरलेली असली की माणसाचा हात उचलत नाही."

बघायचं नाही, चाचपायचं

आपल्याला वाटतं, मासे पकडणारा पक्षी म्हणजे बगळ्यासारखा टक लावून उभा राहणारा. चित्रबलाकाचं तंत्रच वेगळं. हा गुडघ्याएवढ्या किंवा त्याहून उथळ पाण्यात उतरतो, चोच अर्धी उघडून पाण्यात बुडवतो आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत चालतो. एखाद्याने अंधारात पलंगाखाली चप्पल शोधावी तसा. मधूनच पायाने चिखल ढवळतो, म्हणजे दडलेले मासे हलतात. चोचीच्या आत काही लागलं की खट्कन चोच बंद! डोळ्यांची गरजच नाही. म्हणून गढूळ पाण्यातही याचं पोट भरतं.

ही चोच किती वेगाने मिटते? याच्या अमेरिकेतल्या चुलतभावावर, वुड स्टॉर्कवर, १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता. माशाचा स्पर्श झाल्यापासून चोच मिटेपर्यंत लागलेला वेळ सेकंदाचा अवघा चाळिसावा भाग. आपली पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. बॉस, याला म्हणतात रिस्पॉन्स टाइम!

पण या तंत्राची एक अट आहे. पाणी उथळ हवं आणि त्यात मासे दाटीने हवेत. खोल पाण्यात हा पक्षी बिचारा काहीच करू शकत नाही. पोहत नाही, सूर मारत नाही. त्याचं सगळं आयुष्य वीतभर पाण्यावर उभं आहे. पुढची गोष्ट समजायला एवढं एक वाक्य लक्षात ठेवा.

भर उन्हात पाळणा

उत्तरेत, भरतपूरला किंवा दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात (तिथे १९६० पासून जंगली चित्रबलाक आपणहून येऊन घरटी करतात), यांची वीण पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होते. दिल्ली विद्यापीठाचे ए. जे. उर्फी यांनी त्या वसाहतीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि २०११ मध्ये या एका पक्ष्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे मात्र उन्हाळा तापायला लागला तरी पाळणे हलत असतात. एवढ्या उकाड्यात कुणी बाळंतपण काढतं का?

उत्तर उजनीत आहे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. क्षमता ११७ टीएमसी, म्हणजे राज्यातल्या दांडग्या धरणांपैकी एक. पावसाळ्यात काठोकाठ भरतं, मग शेतीला, सोलापूरला, पंढरपूरला पाणी सुटत जातं आणि उन्हाळ्यात फुगवटा आकसतो. काठाकाठाने दलदल उघडी पडते, डबकी उरतात आणि मासे त्यात गोळा होतात. माणसाला जी पाणीटंचाई, ती ढोकांसाठी मेजवानी. बरोबर त्याच वेळी घरट्यात सतत भूक भूक करणारी पिल्लं असतात. टायमिंग बघा!

एका घरट्यात साधारण तीन-चार अंडी. नर-मादी दोघं आळीपाळीने महिनाभर उबवतात. पुढे दोन महिने पिल्लांना भरवायचं, तेही दोघांनी. आई किंवा बाप घशात मासे भरून आणतो आणि घरट्यात ओततो. पिल्लं तुटून पडतात. मी बघत असताना एक मासा निसटून खाली पडला, तळहाताएवढा. मामांनी बुटाच्या टोकाने उलटा केला. "चिलापी. उजनीत हीच जास्त."

दुपारी एकच्या सुमारास सगळ्यात भारी सीन दिसला. ऊन डोक्यावर आलं तशी एक मादी (की नर? दोघं सारखेच दिसतात, नर जरा थोराड) घरट्याच्या कडेला उभी राहिली, पंख अर्धे उघडले आणि तशीच थांबली. तिच्या सावलीत तीन पिल्लं. मी वीस मिनिटं पाहिलं, ती हलली नाही. थोड्या वेळाने जोडीदार आला आणि त्याने चोचीतून आणलेलं पाणी पिल्लांच्या अंगावर सोडलं. चक्क शॉवर! स्वतःला गार ठेवायची यांची युक्ती मात्र जरा 'ही' आहे. हे पक्षी स्वतःच्या पायांवर शिटतात, ते वाळताना पाय गार होतात. म्हणून लालसर पाय पुष्कळदा चुना फासल्यासारखे पांढरे दिसतात. गंमत म्हणजे हा सगळा संसार जवळपास मुका. मोठे चित्रबलाक ओरडत नाहीत. जे काही बोलायचं ते चोची आपटून. मी ऐकलेल्या टिपऱ्या म्हणजे त्यांच्या घरातल्या गप्पा. कलकल करतात ती पिल्लं.

पिल्लंही आईबापासारखी देखणी नसतात. मळकट, राखी-तपकिरी. तो गुलाबी झुबका आणि शेंदरी डोकं यायला तीन-चार वर्षं लागतात. तोवर कळपात ज्युनियर म्हणून वावरायचं. प्रमोशनची घाई इथे कुणालाच नाही.

भादलवाडीचा धडा

परतताना मामांनी दुसऱ्या वसाहतीची गोष्ट सांगितली. भिगवणजवळ भादलवाडीला ब्रिटिश काळातला तलाव आहे. त्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांची मोठी वस्ती असायची. पाण्यात उभं झाड म्हणजे यांच्यासाठी किल्ल्याभोवतीचा खंदक. कुत्रं येत नाही, कोल्हं येत नाही, माणूसही सहज पोचत नाही. पण ज्या वर्षी तलाव कोरडा पडला, त्या वर्षी पक्ष्यांनी पाठ फिरवली. झाडं तीच, बाभळी तशाच. खंदक आटला तर किल्ला कसला?

कचेरीच्या चिंचांभोवती पाणी नाही. तिथे खंदकाचं काम माणसं करतात. दिवसभराची वर्दळ, आणि त्या वर्दळीत कुणी दगड न मारणं. वळवाचा पाऊस आला की वाऱ्याने पिल्लं खाली पडायची, तेव्हा शिपाई ती खोक्यात घालून ठेवायचे, असं मामा सांगतात. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात कोक्करे बेल्लूर नावाचं गाव आहे. तिथेही चित्रबलाक आणि झोळीवाले पेलिकन गावातल्या झाडांवर घरटी करतात आणि गावकरी त्यांना बाळंतपणाला आलेल्या लेकी मानतात. २००७ मध्ये ते सामुदायिक राखीव क्षेत्र झालं. आयुसीएनच्या लाल यादीत चित्रबलाक कित्येक वर्षं 'संकटसमीप' म्हणून नोंदलेला होता. अशा पक्ष्याला कायदा लागतोच, पण आधी शेजार लागतो.

आपलं बेसिन, त्यांचं ताट

आता जरा कडू डोस. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी कुठे जातं? मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. प्रक्रिया झालेलं आणि न झालेलंही. सकाळी होडीतून जे हिरवं पाणी मला 'काय मस्त शेड आहे' वाटलं होतं, ते शेवाळ होतं. माझ्या फ्लॅटमधला फेस, माझ्या ऑफिसातल्या वॉशरूमचं पाणी, सगळं फिरून या ताटात येतं. भिगवणच्या मासळीवर ताव मारून आपण टेस्टी म्हणतो. ढोकांची पिल्लं तेच खातात, फक्त त्यांना दुसरं हॉटेल नाही.

हे ऐकवल्यावर मामा शांतपणे म्हणाले, "आम्ही पण तेच पितो, ताई." पुढे माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

आजीचं माहेर

संध्याकाळची एसटी मी सोडून दिली. जेवणं झाल्यावर मी आजीला विचारलं, "तुला गं ढोकांचं एवढं काय?"

आजी जुन्या पळसदेवची. म्हणजे वरकुटे आईचं माहेर, आणि आजीचं पळसदेव. १९७० च्या दशकात धरणासाठी गाव उठलं आणि हायवेजवळ नव्याने वसलं. भीमाकाठचं जुनं पळसदेव, पळसनाथाचं दगडी देऊळ, तिच्या वडलांचा वाडा, सगळं पाण्याखाली. पाणी फारच खाली गेलं की देऊळ वर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली. (मृतसाठाच ६० टीएमसीच्या वर, म्हणून हा 'उणे'चा हिशेब.) तेव्हा देऊळ पायथ्यापर्यंत उघडं पडलं होतं आणि पुण्यामुंबईहून लोक फोटो काढायला आले होते. मामा आजीलाही घेऊन गेले होते.

"वाडा काय ऱ्हायला न्हवता," आजी म्हणाली. "दगडं व्हती. आमच्या दाराम्होरं बघितलं तर चिखल, आन् त्यात ढोक. चोच घालून ह्या अंगाला, त्या अंगाला. पंगत बसल्यागत." ती थांबली. "माजं म्हायेर पाण्यात गेलं, आन् ह्येंचं ताट तितंच वाढल्यालं. मग म्हनलं, जेवा बायांनो. कुनाच्या तरी कामी आलं."

मी गप्प बसले. थोड्या वेळाने, विषय बदलायचा म्हणून, सॅकमधून प्लॅनची गुंडाळी काढून मामांपुढे पसरली. मामांनी चष्मा लावला. किचन बघितलं, बेडरूम बघितल्या. मग बोट पार्किंगच्या चौकोनावर येऊन थांबलं.

"हे इथं चिंच आहे," ते म्हणाले.

आहे ना. परसातली. जिच्या चिंचा आजी सकाळी फोडत होती. मैत्रिणीला मी जागेची मापं पाठवली होती, झाडाचा उल्लेखसुद्धा केला नव्हता. खरं तर त्या झाडावर ढोकांनी आजवर एकही घरटं केलेलं नाही. रात्री चार बगळे बसतात, बस्स. मामा म्हणाले, "बघू. गाडी पण लागतेच आता." आजी काहीच बोलली नाही. तिने अंथरूण घातलं.

सोमवारी ऑफिसातून मैत्रिणीला फोन लावला. पार्किंग सरकवता येईल का? ती म्हणाली, येईल, पण मग मागची एक खोली लहान होईल. मी मामांना फोन करून तसंच सांगितलं. ते विचार करत होते, तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला.

"ल्हानच बरी."

जायचंय? मग हे वाचा

कसं जाल: पुण्याहून सोलापूर हायवेने भिगवण शंभरेक किलोमीटर, इंदापूर आणखी पस्तीस-चाळीस. दौंड-सोलापूर मार्गावर भिगवणला रेल्वे स्टेशनही आहे.

कधी: रोहित बघायला हिवाळ्यापासून मार्चपर्यंत, कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावरून. चित्रबलाकांची घरटी बघायची तर मार्च-एप्रिल. सकाळी लवकर पोचा.

काय न्याल: दुर्बीण, पाणी, टोपी. पांढरा शर्ट घरी ठेवा.

होडीत बसताना: लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. उजनी शांत दिसते, तशी नसते. वारा सुटला की परत फिरा.

काय टाळाल: पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवणं, होडी थव्यात घालणं, घरट्यांवर ड्रोन सोडणं. भर उन्हात आई दहा मिनिटं उडाली तर पिल्लांवरची सावली जाते. फोटोसाठी एवढी किंमत नको. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर स्वतः प्रयोग न करता वन खात्याला कळवा.